सरकारी मानाचा बैल

१

पोळ्याच्या सकाळी तांदळगव्हाणच्या पोलीस पाटलाचा बैल गोठ्यातून नाहीसा झाला. बरं, साधासुधा बैल नव्हे. त्याच दिवशी सांजच्याला वेशीतल्या तोरणाखालून सगळ्या गावाच्या आधी ज्यानं जायचं, नेमका तोच.

बातमी घेऊन आला सहादेव, गावचा जागल्या. काष्टीच्या अलीकडे आमचं औटपोस्ट होतं. औटपोस्ट म्हणजे एक खोली, एक बाकडं आणि मी. सहादेव ओट्यावर टेकला, धाप ओसरू दिली आणि म्हणाला, "जमादार, नव्या पाटलांचा हौशा गोठ्यात न्हाई."

"सुटून गेला असेल."

"दाव्याची गाठ सोडल्याली हाय. बैलाला गाठ सोडता येती व्हय?"

मी स्टोव्ह विझवला. चहा राहिला तो राहिलाच.

माझं नाव शांतवन गायकवाड, मूळचा श्रीरामपूरकडचा. सरकारचा नियम असा की पोलीस आपल्या गावचा नसावा आणि एका जागी मुरूही नये. त्याची कुणाशी सोयरीक नको, कुणाशी वैर नको. नियम शहाण्या माणसानं केलेला आहे, माझी तक्रार नाही. फक्त संध्याकाळी एकट्यापुरती भाकरी थापताना तो चावतो. बायको आणि मुलं शाळेपायी श्रीरामपूरला, आणि मी दर दोन-तीन वर्षांनी नव्या गावाला परका.

पोलीस पाटलाचं नेमकं उलटं. तो गावचाच लागतो. पूर्वी ते काम वंशानं चालायचं. तांदळगव्हाणात रंभाजी पाटलांच्या घरात ते किती पिढ्या होतं हे रंभाजींनाही सांगता येत नसे. मग नवा कायदा आला, वंशाची पाटीलकी गेली आणि प्रांतसाहेबांनी मुलाखत घेऊन पोलीस पाटील नेमला: सूर्यभान खेतमाळीस, मॅट्रिक पास, दोन बैलांचा शेतकरी. गावाला विचारलं नाही. गावानंही मग सूर्यभानला काही विचारायचं सोडून दिलं.

गेल्या पोळ्याला पहिला मान कुणाचा यावरून वेशीत काठ्या निघाल्या होत्या. म्हणून यंदा तालुक्याच्या फौजदारांनी आठ दिवस आधीच चावडीत येऊन निकाल दिला: पाटील सरकारचा, तेव्हा मानही सरकारचा, खेतमाळीसाचा बैल पहिला. एकोणीसशे एकाहत्तर साली सरकार कुठवर पोचलं होतं पाहा, बैलांच्या रांगेत शिरलं होतं.

"फौजदारसाहेब गावात पोचले का?" मी विचारलं.

"कवाच. बंदोबस्ताला सकाळीच आले. आल्या आल्या सूर्यभान पाटलाच्या रंगुबाईची वरड ऐकली, आन रंभाजी पाटलांच्या गोरखला चावडीत बसवला. दिवस मावळायच्या आत बैल घावला न्हाई तर गोरखला जीपमधी घालून न्हेनार. आन गावावर जादा पोलीस बसवनार म्हनत्यात, गावाच्या खर्चानं." सहादेवनं घाम पुसला. "गोरख गेला ना जमादार, तर सूर्यभान पाटलाला या गावात कुनी पानी सुदिक देनार न्हाई."

"गोरखचं म्हणणं काय?"

"तेच तर. सकाळी कुठं हुता म्हनून इचारलं, तर तोंड शिवून बसलाय."

२

सायकल मी मागच्या पांदीनं घातली, कारण वेशीसमोर चिखल असतो. गावात शिरायच्या तोंडाशी, दोन लिंबांच्या मध्ये, आंब्याच्या डहाळ्यांचं एक तोरण बांधलेलं दिसलं. पोरांनी खेळात बांधलं असेल असं वाटलं. वाकून खालून निघालो. वाकायची गरज नव्हती, तोरण चांगलं उंच होतं.

फौजदार चावडीत खुर्ची टाकून बसले होते. तरुण माणूस, मिशी नवी, निकाल जुने. "गायकवाड, यात तपास करण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "या गोरखनं परवा पारावर सगळ्यांदेखत सांगितलं, त्या माळ्याचा मान मी बघून घेतो. आज पहाटे घोडनदीच्या अंगाला हा कोयता घेऊन जाताना दिसलाय. उद्या काष्टीचा बाजार. बैल आज कुठंतरी लपवायचा आणि उद्या विकायचा. तुम्ही बैल तेवढा शोधा."

गोरख कोपऱ्यात गुडघे मुडपून बसला होता. धोतराच्या सोग्याला चिकाचे काळे डाग पडले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे.

मी सूर्यभानच्या घरी गेलो. घर गावाच्या कडेला नव्हतं, चांगलं मध्यावर होतं, तरी अंगणात एक चप्पल दिसेना. ज्याच्या गोठ्यातून बैल जातो त्याच्या दारात गर्दी मावत नाही. इथं मी पहिलाच.

सूर्यभान उंबऱ्यावर बसला होता. चाळिशीच्या आतला, पण खांदे उतरलेले. "या जमादार," तो म्हणाला, आणि लगबगीनं घोंगडी अंथरली. हात पुसत बसला तेव्हा त्याच्या नखांत लाल हिंगूळ भरलेला दिसला.

"सकाळपासून काय काय केलंस?"

"पोळा न्हवं का. शिंगं रंगवायची, पानी घालायचं."

"संशय कुणावर?"

"कुनावर न्हाई."

"गोरखवर?"

"गोरखचं नाव मी घेतलं न्हाई, जमादार. मी वर्दी बी दिली न्हाई. सायबांनीच काय ते केलं." हे मात्र तो जरा घाईनं म्हणाला.

गोठा पाहिला. जोडीतला पाखऱ्या एकटाच उभा होता. आदल्या दिवशीच्या खांदेमळणीची हळद त्याच्या वशिंडापुढे चमकत होती. शिंगांवर मात्र गेल्या वर्षीचाच रंग, तोही पोपडे निघालेला. खुंटीवर नवा कासरा, नवी मोरकी, गोंडे, सगळं एकाच बैलापुरतं लटकत होतं. हौशाच्या खुंट्याजवळ त्याचं जुनं दावं पडलं होतं. कापलेलं नाही, ओढून तुटलेलं नाही, हातानं सोडलेलं.

रंगुबाई चुलीपाशी होत्या. डोळे सुजलेले. "काल मी सोता आवतान दिलं वो त्येला," त्या म्हणाल्या. "आज आवतान घ्या, उद्या जेवाया या, म्हनलं. पहाटं उठून पुरन घातलं. पयली पोळी त्येच्यासाठी काढून ठिवली हुती, ती बी मांजरानं नेली. सगळंच इपरीत."

"तुम्ही काही खाल्लं का?"

"बैल जेवल्याबिगर?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

मला खरं तर विचारायची गरज नव्हती. आमच्या आज्याचा बाप्तिस्मा झाला तरी बैल काही बदलले नव्हते. आमच्याही घरी पोळ्याला धन्याआधी बैल जेवायचा. पण मी सकाळपासून उपाशी, आणि एकट्यानं खायचा मला तोवर कंटाळा आलेला. अंगणात येऊन मी डब्यातली भाकरी आणि लसणाची चटणी काढली. माझ्या डब्यातलं खायला गावात पुष्कळ जण कां-कू करतात, तरी सहज, सवयीनं म्हणालो, "सूर्यभान, ये, दोन घास खा."

तो क्षणभर माझ्या हाताकडे पाहत राहिला. मग बसला आणि खाल्लं. चांगलं पोटभर खाल्लं, चटणीचा शेवटचा कण बोटानं टिपून.

रंगुबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या होत्या. नवऱ्याकडे पाहत त्या तशाच उभ्या राहिल्या. तांब्यातलं पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं, तरी त्यांना कळलं नाही.

३

रंभाजी पाटील आपल्या गोठ्यापुढे बाजेवर बसले होते. सत्तरीचा माणूस, ताठ कण्याचा. मागं त्यांचा खिल्लारी बैल नटून उभा: झूल, घुंगरमाळ, शिंगांना बेगड.

"दुसऱ्या नंबराला जाणाऱ्या बैलाचा थाट मोठा आहे," मी म्हणालो.

"बैलाला नंबर कळत न्हाई, जमादार. मानसाला कळतो." त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. जुनी रीत त्यांनी सोडली नव्हती. "माझ्या पोराला सोडवा. त्यानं बैल न्हेला न्हाई."

"कशावरून?"

"कारन त्यो बैल येशीत यायलाच पायजे हुता." हे बोलून गेल्यावर त्यांनी तोंड मिटलं. तंबाखू मळली. मग म्हणाले, "ह्ये घर पिढ्यांनी गावची राखन करत आलं. चोर धरला तर आमी धरला, दोन भावांचं भांडान मिटवलं तर आमी मिटवलं. कुना सायबाला इचारलं न्हाई. आता म्हनं प्रांतसाब ठरवनार, गावचा राखनदार कोन. त्या प्रांताला आमच्या गावची पांद तरी ठावं हाय का?"

"सूर्यभान काम वाईट करतो का?"

"चांगलं करतो." हे त्यांनी लगेच सांगितलं. "पर त्यो आमचा ऱ्हायला न्हाई. फौजदारानं इचारलं की त्यानं सांगायचं, गावात कोन काय करतं. आपल्याच मानसांवर डोळा ठिवायचा. असल्या मानसाम्होरं कोन मोकळं बोलंल?"

तिथून सरपंचांकडे गेलो. कारभारी सरपंच निवडून आलेले, बोलायला तुपासारखे. त्यांचं तिसरंच. "पाटलांचा वंश बी नको आन प्रांताची नेमनूक बी नको," ते म्हणाले. "गावानं सरपंच निवडला तसा पोलीस पाटील ग्रामपंचायतीनं नेमावा. पोलीस गावचा, मंग हुकूम बी गावचा. तुमी तर सरकारचे. तुमाला पटनार न्हाई."

"मला पटून कुणाला काय मिळणार? बैल कुणी नेला ते सांगा."

"गावाला चोरी करायची गरजच काय?" सरपंच कडवट हसले. "उलट कुनी न्हेला त्येनं गावाचं लई नुसकान केलं. समद्या गावाचा बेत..." आणि त्यांनी जीभ चावली.

"कसला बेत?"

"पोळ्याचा. दुसरा कसला असनार?"

पुन्हा चावडीत गेलो. फौजदार जेवायला गेले होते. गोरखच्या शेजारी बसलो. म्हटलं, "गोरख, तुझ्या धोतराला आंब्याचा चीक लागलाय. पहाटे कोयता घेऊन तू आंब्याच्या डहाळ्या तोडायला गेला होतास. बैल न्यायला कोयता लागत नाही. हे साहेबांना सांगितलंस तर आत्ता सुटशील."

त्याचे कान लाल झाले. "वेशीतलं तोरण माळी बांधत्यात," तो पुटपुटला. "मी डहाळ्या कशाला तोडल्या, असं सायब इचारतील."

"मग सांग ना."

"न्हाई. गावानं शपथ घेतलीया."

तेवढ्यात फौजदार ढेकर देत आले. घड्याळ बघून म्हणाले, "बैल वेशीबाहेर जमायला लागले, गायकवाड. जीप वळवून ठेवायला सांगतो."

४

मी पांदीत जाऊन त्या दोन लिंबांखाली बसलो. वरती तोरण हलत होतं. वेशीकडून हलगीचा आवाज येत होता आणि इथं मुंगीसुद्धा नव्हती. मला माझीच कीव आली. चौदा वर्षांची नोकरी, आणि सणाच्या दिवशी कुणाच्याही अंगणात माझ्यासाठी पाट नाही. पण डोकं मोकळं होतं. एकट्या माणसाला दुसरं काही नसलं तरी विचार करायला सवड असते.

मी एकेक धागा हातात घेतला.

पहिली गोष्ट, ज्यांनी खूश व्हायचं ते सगळे हिरमुसले होते. सूर्यभानचा बैल पहिला जाऊ नये हे रंभाजींना हवं, गोरखला हवं, सरपंचांनाही हवं. बैल गेला तर त्यांनी गूळ वाटायला हवा होता. तर हे म्हणतात, बैल वेशीत यायलाच हवा होता, बेत बुडाला. म्हणजे गावाला हौशा वेशीत पाहिजे होता. कशाला?

उत्तर माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. पोरांच्या खेळाचं तोरण झूल घातलेल्या बैलाच्या उंचीचं नसतं. गावानं आपली दुसरी वेस उभी केली होती. सरकारचा हुकूम मोडायचा नाही, काठी उचलायची नाही. सूर्यभानचा बैल थाटात पहिला जाऊ द्यायचा, आणि तो तोरणाखाली गेला की सगळ्या गावानं बैल वळवून पांदीनं गावात शिरायचं, रंभाजींचा खिल्लारी पुढे. फौजदारांनी कुणाला काय म्हणून पकडायचं? पहिला कुणी जायचं हे सरकार ठरवू शकतं. त्याच्या मागं कुणी जायचं, हे कुठल्याही कायद्यात नाही.

म्हणजे गावातल्या कुणी बैल नेलेला नाही. आणि बाहेरचा चोर असता तर तो बैल घेऊन पळाला असता. इथं तर चोरानं जुनं दावं सावकाश सोडून ठेवलं, खुंटीवर एकाच बैलाचा साज ठेवून दुसऱ्याचा नवा कासरा, नवी मोरकी आणि गोंडे नेले. चोर बैलाला सणासाठी नटवत नाही.

आता सूर्यभान. नखांत ताजा हिंगूळ. म्हणे शिंगं रंगवली. कुणाची? पाखऱ्याची शिंगं तर कोरी. वैरी सगळं गाव, तरी संशय कुणावरच नाही. आणि शेवटची गोष्ट, जी मी डोळ्यांनी पाहिली, माझ्या आधी रंगुबाईंना कळली आणि त्यांच्या पायांवर पाणी सांडलं. पोळ्याच्या दिवशी तो माझ्यासोबत जेवला. बैल हरवलेला शेतकरी त्या दिवशी पाण्याचा घोटही घेणार नाही. जेवतो तो एकच, ज्याला माहीत असतं की आपला बैल जेवलेला आहे.

पहिली पोळी मांजरानं नेली नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. कोडं सुटलं की होतो. मला नुसतं वाईट वाटलं. मी सायकल तिथंच टाकली आणि सूर्यभानच्या घरी जाऊन म्हणालो, "ऊठ. हौशाला पाणी पाजायची वेळ झाली."

तो उठला.

५

घोडनदीच्या काठाला बाभळीचं बन होतं, दाट, काट्यांचं. त्याच्या पोटात थोडी मोकळी जागा. तिथं हौशा उभा होता. शिंगं लालभडक, कपाळाला गोंडे, गळ्यात नवा कासरा, पुढ्यात हिरवा चारा. इतका देखणा बैल मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही, आणि त्याला बघायला आम्ही दोघंच.

सूर्यभाननं त्याच्या मानेवर हात ठेवला. "कसं कळलं?"

"तू माझी भाकरी खाल्लीस."

तो कसनुसं हसला. "दोन वर्सं माझ्यासंगं कुनी जेवलं न्हाई, जमादार. तुमी ये म्हनलात आन मला दुसरं काय सुचलंच न्हाई. बैल जेवलाय ह्ये ठावं हुतं, म्हनून पाप बी वाटलं न्हाई."

"तोरण कधी पाहिलंस?"

"पहाटं. रंगू उठायच्या आत हौशाला नदीवर धुवाया न्हेलं, शिंगं रंगवली, परत येताना पांदीत गोरख आन चार जन तोरन बांधत हुते. मी झाडाआड थांबलो, त्येंनी मला बघितलं न्हाई. मला तवाच कळलं. पोलीस पाटील हाय मी, गावात काय चाललंय ह्ये कळायलाच पायजे." तो हौशाची मान चोळत राहिला. "जमादार, काठ्या खाल्ल्या असत्या. शिव्या खाल्ल्या असत्या. पर त्या तोरनाखालनं जायाचं, आन मागं वळून बघितलं तर रिकामी येस? रंगू पुढं आरती घेऊन हुबी, आन मागं कुनीच न्हाई? ह्ये मला झेपलं नसतं."

"फौजदारांना सांगायचंस, मान नको म्हणून."

"सायब म्हनले असते, सरकारचा पाटील भ्याला. लगेच काढला असता. आन काढल्यावर गावानं घेतला असता व्हय मला? न्हाई घेत." तो खाली बसला. "म्हनलं, बैल सुटून गेला असं सांगू, पोळा फुटला, समदे बैल गावात शिरले, की आनू. कुनाचं नाव घ्यायचं नव्हतं. घरनं गुपचूप पयली पोळी न्हेऊन हौशाला चारली, परत येऊन रंगूला सांगनार, तंवर तिनं रिकामा खुटा बघून वरड केली आन जीप दारात. मंग दिवसभर बसून ऱ्हायलो. गोरखला सोडवायचं तर ह्ये सांगायचं. सांगायचं तर..."

मी त्याच्या शेजारी बसलो. सांगण्यासारखं माझ्याकडे फार नव्हतं. मी बैल सापडला म्हणून एकटाच घेऊन गेलो असतो, बाभळीच्या बनात भटकताना मिळाला म्हटलं असतं. तेही सुचवून पाहिलं.

"मंग गोरखनंच लपवला हुता असं सायब म्हनतील," सूर्यभान म्हणाला.

खरं होतं. फौजदारांचा निकाल बैलाला विचारून लागलेला नव्हता.

लांबून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. सूर्यभाननं डोळे पुसले, हौशाचा कासरा हातात घेतला आणि माझ्या आधी चालायला लागला.

६

वेशीबाहेर सगळं गाव जमलं होतं. नटलेले बैल, हलगीवाले, बायका, पोरं. जीपमध्ये मागं गोरख बसलेला आणि जीपसमोर रंभाजी पाटील उघड्या डोक्यानं उभे. त्यांना पटक्याशिवाय मी प्रथमच पाहिलं.

सूर्यभान हौशाला घेऊन मधून आला. लोक बाजूला झाले. हलगी थांबली.

"सायब, गोरखला सोडा," तो म्हणाला. "बैल मी लपवला हुता. मीच. माझ्या मागं कुनी येनार न्हाई ह्ये मला कळलं हुतं, म्हनून लपवला."

एवढंच. त्यानं शपथ घेतलेल्यांपैकी एकाचंही नाव घेतलं नाही, पांदीतल्या तोरणाचा उच्चार केला नाही.

फौजदारांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते बरंच बोलले. सरकारची अब्रू, पोलिसांची फसवणूक, प्रांतसाहेबांकडे अहवाल, तुझी नोकरी गेलीच म्हणून समज. गोरख खाली उतरला आणि सूर्यभानच्या जवळून जाताना थबकला. फौजदार जीपमध्ये चढले तेव्हा मी विचारलं, "साहेब, पहिल्या मानाचं काय?"

"हुकूम तो हुकूम. प्रांतसाहेब काढेपर्यंत पाटील हाच. बंदोबस्त तुम्ही बघा." जीप धुरळा उडवत गेली. हुकूम मागं राहिला.

रंभाजी पाटलांनी पटका बांधला. सूर्यभानसमोर येऊन ते हळू आवाजात म्हणाले, "एवढं भ्या वाटलं, तर माझ्याकडं यायचं हुतं."

"दोन वर्सं तुमच्या दारावरनं जातोय, पाटील," सूर्यभान म्हणाला. "एकदा कुनी बस म्हनलं असतं, तर आलो असतो."

रंभाजींनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी गावाकडे पाहिलं. शपथ सगळ्यांनी मिळून घेतली होती. आता ती मोडायला एकट्यानं पुढे यावं लागलं असतं, आणि एकटं पडणं म्हणजे काय हे समोर उभंच होतं. म्हाताऱ्यानं खिल्लारी वळवला. त्याच्या मागोमाग एकेक जोडी वळली. घुंगरमाळांचा आवाज पांदीकडे गेला, हलगी पुन्हा सुरू झाली आणि लांब लांब होत गेली.

वेशीसमोर शेण, पायांचे ठसे आणि आम्ही उरलो. रंगुबाई पाखऱ्याला घेऊन आल्या होत्या. त्याला त्यांनी नवा कासरा घातला होता, शिंगं कोरीच. तोरणाच्या आतल्या बाजूला जाऊन त्यांनी ताटातला दिवा पेटवला.

"जमादार, घरी जातो," सूर्यभान म्हणाला. "मागच्या बोळानं."

"हुकूम ऐकलास ना? अजून तू पाटील आहेस. पहिला मान तुझा."

"कुनासाठी?"

मी रंगुबाईंनी दगडाला गुंडाळून ठेवलेला पाखऱ्याचा कासरा सोडून घेतला. श्रीरामपूर सोडल्यापासून माझ्या हातात बैल आला नव्हता. खाकी कपड्यात, डोक्यावर टोपी, हातात दुसऱ्याचा बैल. फौजदारांनी पाहिलं असतं तर माझाही अहवाल गेला असता. पाखऱ्यानं माझ्या खांद्याला तोंड घासलं आणि निमूट मागं आला.

सूर्यभान हौशाला घेऊन चालू लागला. पाठ ताठ, मान सरळ. तो मागं बघणार नाही हे मला कळत होतं. तोरणाच्या बरोबर खाली आल्यावर तो थांबला आणि समोर दिव्याकडे बघतच त्यानं विचारलं, "जमादार, मागं कोन कोन हाय?"

"मी आहे," मी म्हणालो.

"आन?"

"पाखऱ्या."

पांदीकडची हलगी आता गावात पोचली होती.

"मंग पोळा फुटला म्हनायचा," तो म्हणाला, आणि त्यानं हौशाला हाक दिली.